चौलची आत्या, मुक्काम कुरुंदा

मराठवाड्याला समुद्र नाही ही भूगोलाची चूक माझ्या आत्यानं एकटीच्या बळावर दुरुस्त केली आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. ती राहते कुरुंद्याला, हळदीच्या मळ्यात. जीव मात्र कोकणातल्या चौल बंदरात. शाळेत बाईंनी एकदा सांगितलं की पूर्वी आपल्याकडचा माल बैलांच्या पाठीवरून घाट उतरून चौलला जायचा आणि तिथून जहाजानं परमुलखात. बाकीच्या पोरी ते परीक्षेनंतर विसरल्या. आत्या विसरली नाही. लग्न झालं, लेकरं झाली, नातवंडं झाली. वाचनालयातून, ओळखीच्या मास्तरांकडून, पुढे नातीच्या मोबाइलवरून ती ते शहर गोळा करत राहिली. मळ्यात हळद शिजत असताना ती बायांना चौलचे रेशमी माग, अरबांची गलबतं, पोर्तुगिजांचा कोट असं काही सांगत सुटायची की कढईखालचा जाळ कुणी बघायचं नाही. तिचे यजमान लांबूनच ओरडायचे, "आधी कढई उतरू द्या, मंग जहाजं लावा!"

हट्ट्याच्या एका लग्नात तर तिनं वरातच थांबवली. नवरदेवाच्या घोड्याचा लगाम धरून म्हणाली, "असंच एक घोडं घेऊन रशियाचा व्यापारी चौलात उतरला व्हता. कुठून कुठं! समुद्रातून घोडं आणलं, इकायला." बँड बंद पडला. मुहूर्त टळतोय म्हणून भटजी हातवारे करू लागले, तर वरून नवरदेवच म्हणाला, "थांबा हो गुरुजी. मंग इकलं का, आत्याबाई?" इतिहासाची पुस्तकं मीही वाचली आहेत, पण भर वरातीत नवरदेवाला लग्न विसरायला लावील असं एकही पान मला आठवत नाही.

तिनं समुद्र मात्र कधी पाहिला नव्हता. गेल्या वर्षी डॉक्टरांनी गुडघे बदलायला सांगितले, तेव्हा ती मला म्हणाली, "आधी चौल दाखव, लेकरा. मंग काय कापायचं ते कापा." बंदर केव्हाच गाळानं बुजलंय, हे मला ठाऊक होतं.

"आत्या, तिथं आता काही नाही."

"काहून न्हाई? एवढं मोठं शहर जातं कुठं?"

वारंगा फाट्यावरून बस धरली. तिसऱ्या दिवशी चौलमध्ये एका सुपारीच्या वाडीत तिनं झाडांना पाणी देणाऱ्या माणसाला विचारलं, "बंदर कुठंशी हाय, दादा?"

"बंदर? ते कधीच गेलं, आजी. आता या वाड्याच."

आत्या काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. तिला सावरायला मी पुढे झालो, तर ती त्या माणसाला म्हणाली, "मंग तुमी लई मोठ्या जागी पाणी देऊन राहिले." आणि ती सांगू लागली. त्या माणसानं पंप बंद केला, बायकोला आणि म्हाताऱ्या आईला हाक मारली. माडांच्या सावलीत कुरुंद्याची बाई चौलच्या माणसांना चौल सांगत होती आणि ती माणसं आपल्याच गावाकडं नव्यानं बघत होती. बोलणं संपल्यावर त्या आईनं आत्याच्या गालावरून हात फिरवला.

संध्याकाळी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर तिनं समुद्र पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा ती बोलली नाही. अंधार पडल्यावर एवढंच म्हणाली, "आपल्या कुरुंद्याचं कोण सांगंल रे?"

गुडघ्यांचं ऑपरेशन नीट झालं. आता ती काठी टेकत गावातल्या म्हाताऱ्यांकडे, बंजाऱ्यांच्या तांड्यावर जाते; कुणाच्या आज्यानं कोणती विहीर खोदली, बैलांचे तांडे कुठं उतरायचे, हे विचारते. पूर्वी नुसती सांगायची, आता बराच वेळ ऐकते. चौलचं नाव तिच्या तोंडी फारसं येत नाही. मला चुकल्यासारखं होतं. परवा फोनवर मीच विषय काढला.

"आत्या, चौलचं सांग ना काहीतरी."

हलक्या आवाजात ती म्हणाली, "तूच सांग आता. मी ऐकून राहिले."