आत्याच्या कानातली बाय

आमच्या आत्याच्या कानात वर सोन्याची बुगडी असे आणि खाली पांढरा इअरबड. सानपाड्याच्या गावठाणात, इमारतींच्या सावलीत, ती ओट्यावर कोलंबी सोलत बसे आणि तिचे ओठ हलत राहत. नव्या भाडेकरूंना वाटे, म्हातारी फोनवर कुणाशी भांडते आहे. ती स्वतःचंच गाणं ऐकत असे.

आत्या धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात देवांना गाण्यातून मांडवात बोलावण्याचा मान धवलारणीचा. तिचे धवले, म्हणजे ही गाणी, कुठे लिहिलेले नव्हते, आणि सत्तरीनंतर ते निसटू लागले. एका लग्नात तिने साऱ्या देवांना बोलावलं आणि गावदेवीलाच विसरली. भावकीतल्या पुढच्या हळदीला स्पीकरवर गाणी लागली. आत्या त्या दिवशी जेवली नाही.

मग मी तिच्या बऱ्या दिवसांत एकेक धवला फोनमध्ये भरून घेतला आणि तिला हे इअरबड आणून दिले. पहिल्यांदा ऐकून ती म्हणाली, "ही बाय बरी गाते रं." तेव्हापासून कानातल्या आवाजाचं नाव बाय.

दुकानदार म्हणाला होता, जपून वापरा, नाजूक चीज आहे. आत्याने जपलं ते तिच्या पद्धतीने. बड कोलंबीच्या पाण्यात पडले, तर तिने ते गच्चीवर जवळ्याशेजारी वाळत घातले. चालले, फक्त कित्येक दिवस कानाला सुकटीचा वास येत होता. डबीचं झाकण मोडलं, ते तिने लग्नातल्या हळदीच्या दोऱ्याने बांधलं. पुढे डावा मुका झाला. उजवा आधी सकाळपासून दुपारपर्यंत गाई, तो भात शिजेपर्यंत दम धरीनासा झाला. माझी लेक सायली म्हणाली, "आजी, फेक ते. मी नवे घेते." आत्या म्हणाली, "मी पन अर्धंच ऐकते. मना फेकशील का?"

सायलीचं लग्न ठरलं तेव्हा भावकीतल्या एका काकूने पुन्हा स्पीकरचा विषय काढला. म्हातारीला कशाला त्रास, असं सगळे फार प्रेमाने बोलत होते. सायलीने एवढंच सांगितलं की आजी गाणार नसेल तर मी पाटावर बसणार नाही.

हळदीला आत्या उजवा बड पदराखाली लावून बसली. बाय कानात पुढे, आत्या अर्धा शब्द मागे. मी शेजारीच होतो. गावदेवीची ओळ तोंडावर आली आणि बड टुणकन वाजून बंद पडला. आत्या थांबली. मांडवही थांबला. तिने बड काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"बाय दमली," ती हळूच म्हणाली. "मी नाय."

आणि तिने गावदेवीला हाक मारली. एकदा नाही, जितकी नावं होती तितक्या नावांनी. बायकांनी मागून सूर उचलला. त्यात स्पीकरवाल्या काकूचा आवाज सगळ्यांत मोठा होता. अख्खा धवला आत्याने डोळे मिटून संपवला आणि मग चहा मागितला.

गेल्या पौषात आत्या गेली. डबी माझ्याकडे आहे. खारघरच्या कॉलेजातल्या माझ्या ग्रंथालयात मी पुस्तकांना आवरणं घालतो, पण त्या पिवळ्या दोऱ्याला हात लावत नाही. रविवारी सायली येते, उजवा बड कानात घालते आणि कांदा चिरता चिरता ओठ हलवते. तो आता जेमतेम एका धवल्यापुरता टिकतो.

परवा गावात लग्न होतं. तीच स्पीकरवाली काकू सायलीला बोलवायला घरी आली. सायली पदर घेऊन आत्याच्या जागी बसली, मी मागे. गावदेवीच्या जरा अलीकडे तेच टुणकन ऐकू आलं असावं, कारण तिने मान न वळवता हात मागे केला. मी बड घेतला. तो अजून तिच्या कानाने उबदार होता.

बाय दमली होती. धवला चालू होता.