मशीन बंद आहे, मावशी

सुरुवातीलाच सांगते, भूतखेत मी मानत नाही. मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची सरकारी नर्स आहे, नोकरीला अकरा वर्षं झाली. अंगात आलेल्या बाईचंही मी आधी हिमोग्लोबिन तपासते... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळं वाटतंय.

आमचं उपकेंद्र वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, किन्हीराजाच्या पुढे. गावाचं नाव नको. गावापासून दोन किलोमीटरवर, नाल्यापलीकडे एक वस्ती आहे. तिथल्या माणसाला जात विचारावी लागत नाही, पत्ता सांगितला की सगळ्यांना कळते. दिवाळीनंतर निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. सर्व्हेला गेलं आणि दाराला कुलूप दिसलं, की मी रजिस्टरमध्ये 'स्थलांतरित' लिहायचे आणि पुढे निघायचे. काम पटकन उरकायचं, खोटं कशाला बोलू.

मागच्या डिसेंबरात, सकाळी अकराच्या सुमारास, शेवटच्या घरालाही असंच कुलूप होतं. पण ओट्यावर एक म्हातारी बसलेली. मी लिहायला पेन काढला, तर तिने हात पुढे केला.

"पयले मायं बीपी पाह्य, सिस्टरबाई."

पट्टा बांधला. हात गार होता, पण थंडीचेच दिवस होते. मशीनने हवा भरली आणि एरर दाखवला. दुसऱ्यांदाही तेच. मी म्हटलं, मशीन बंद आहे, मावशी.

"हाव, तसंच म्हनता तुमी," ती म्हणाली. रागाने नाही — सवयीने. "मंग सुनेचं पाह्य. मांगच्या दारानं जाय."

मागे गेले. दार नुसतं लोटलेलं. आत तिची सून, रेखा, भिंतीला टेकून बसलेली. आठवा महिना, पाय सुजलेले, कालपासून डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती. नवरा तोडीवर. पुढचं कुलूप तिनेच घातलं होतं, घरात बाई एकटी आहे हे कोणाला कळू नये म्हणून. बंद पडलेलं मशीन मी तरीही तिला लावून पाहिलं. चाललं की! एकशे ऐंशी, एकशे वीस. लगेच अॅम्ब्युलन्स बोलावली. आणखी उशीर झाला असता तर दोन्ही जीव गेले असते, असं वाशिमला डॉक्टर म्हणाले.

गाडीत मी तिला धीर देत होते. म्हटलं, तुझ्या सासूने सांगितलं म्हणून बरं झालं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"सासू तं उन्हायातच गेली, सिस्टर. डोकं लय दुखे तिचं. तुमच्याकडं आली होती ना दोन खेपा..."

आली होती. भर उन्हात, चालत. मी ऑनलाइन माहिती भरत होते. मान वर न करताच दोन्ही वेळा सांगितलं — मशीन बंद आहे मावशी, मंगळवारी या. मशीन चालू होतं. दुसऱ्या खेपेला तर पाच मिनिटांपूर्वीच गावातल्या मोठ्या घरच्या आजींचं बीपी मी त्यावरच पाहिलं होतं, वर त्यांना चहाही विचारला होता. ओट्यावर मी तिला ओळखणार तरी कशी? तिचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. लाज वाटते सांगायला.

रेखाला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. आता कुलूप दिसलं तरी मी घराच्या मागे जाऊन हाक मारते. त्या घराचा ओटा रिकामा असतो. मशीन तपासून घेतलं, त्यात काही बिघाड निघाला नाही. त्या सकाळी ओट्यावर कोण बसलं होतं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही...

पण 'पयले मायं पाह्य' असं ती का म्हणाली, ते मला कळतं.