प्रॅक्टिकल नसलेले विषय

मुलगी घरीच शिकते म्हटलं, की आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात बायका आधी तिचं दुखणं विचारतात आणि मग लग्नाचं. दुखणं काही नाही. ती बोलताना अडखळते, एवढंच. सातवीत असताना वर्गात धडा वाचायला उभी राहिली, एका शब्दावर अडली आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर तिने शाळेत तोंड उघडणंच सोडलं. घरातही मान हलवून उत्तरं द्यायला लागली, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी तिला दप्तरासकट घरी आणलं आणि स्वतःच शिकवायला बसले. लग्नाआधी शिकवण्या घेत होते, तेवढंच माझं भांडवल.

तीन वर्षं बरी गेली. ती पुन्हा बोलू लागली, भांडू लागली. बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावरून घरघरत गेलं, की आमचं वाचन तेवढं थांबायचं. मला तर वाटायचं, हे असंच चालत राहावं.

पण दहावी आली. मुक्त मंडळातून परीक्षा द्यायची, तर पाच विषय आपले आपण निवडायचे असतात. ऐकायला केवढी चैन! बहिणीने फोनवर सल्ला दिला, नवऱ्याने आपल्या दुकानातल्या गिऱ्हाइकांकडून आणखी चार आणले. मी कोणाचंच ऐकलं नाही. विषय मुलीला आवडतो का, पुढे कामाला येईल का, हेही मी बघत नव्हते. त्याला प्रॅक्टिकल आहे का, एवढंच बघत होते. प्रॅक्टिकल म्हणजे गोंदियाच्या केंद्रात जाणं, अनोळखी पोरांच्या घोळक्यात उभं राहणं आणि वर अनोळखी परीक्षकाला तोंडी उत्तरं देणं. म्हणून विज्ञान गेलं. गृहविज्ञान गेलं, चित्रकला गेली, कंप्युटरही गेला. उरले मराठी, हिंदी, सामाजिक शास्त्र, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन. धानाच्या रोपांचं पऱ्हं पिवळं का पडतं, असं विचारून विचारून जी आजोबांचं डोकं खाते, तिच्यासाठी मी व्यवसाय अध्ययन काढलं आणि वर स्वतःवर खूशही झाले.

त्याच दुपारी सासरे शेतातल्या रोवणीवरून जेवायला आले होते. गावतलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कधी सोडायचं, ते अजून तेच ठरवतात. त्यामुळे दुसऱ्याच्या कामात बोलणं हा त्यांना आपला हक्कच वाटतो.

"पोरीले इचारलं का?" ते म्हणाले.

"तिले काय इचाराचं? मी सोपे विषय घेऊन राहिली."

"घरीच ठेवाची हाय त लोनचं घाल तिचं. बरनीत चांगलं टिकते."

मी ताट जरा जोरातच ठेवलं. मुलगी भात कालवत होती. वर न बघता म्हणाली, "मले विज्ञान पायजे."

"त्याले प्रॅक्टिकल हाय."

"म्ह... म्हनूनच त पायजे." घास तिने हातातच ठेवला. "घरी मी तुझ्यासंगच बोलून राहिली, आई. तुले समजते. दु... दुसऱ्याले समजते का नाई, थे मले कसं मालूम होईल?"

मला आधी राग आला आणि मग फार वाईट वाटलं. तीन वर्षं मी जिवाचं रान केलं होतं आणि ते तिला पुरत नव्हतं. खरं सांगायचं तर तिची भीती केव्हाच कमी झाली होती. आता जी होती ती माझी होती, आणि मी ती तिच्या विषयांवर लादत होते. हे कळलं म्हणून मी लगेच शहाणी झाले असं नाही. दुपारभर मी भांडी आपटली आणि रात्री कुठे तिला म्हटलं, विषय तूच सांग.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने गोंदियाला गेलो. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात गर्दी होती. आमचा नंबर आला तेव्हा तिथला माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "हां मॅडम, सब्जेक्ट बोलो."

"वि..." मुलीने सुरुवात केली. "वि... वि..."

आमच्या घरात तिचा शब्द अडला, की कोणीतरी तो पुरा करतो. नवरा करतो, सासरे करतात, मी तर सगळ्यांच्या आधी. मायेनेच करतो. आताही माझं तोंड उघडलं होतं. तिने माझं मनगट धरलं आणि चांगलं जोरात दाबलं. मी तोंड मिटलं. मागच्या माणसाने चुळबुळ केली, दुकानदाराने मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"विज्ञान," ती म्हणाली. मग एकेक करून राहिलेले चारही सांगितले. त्यात गृहविज्ञान होतं, चित्रकलाही होती.

"प्रॅक्टिकल के लिए यहां आना पड़ेगा," दुकानदार पुन्हा मलाच म्हणाला. "बच्ची को लेकर आप आओगे ना?"

"मैं अ... अ..."

मी आले असते. रोज आले असते, दिवसभर दाराशी बसले असते. हे सगळं माझ्या ओठांवर होतं.

"अ... अकेली आऊंगी," ती म्हणाली.

तिचं बोलून होईस्तोवर मी गप्प उभी राहिले. मला ते फार जड गेलं.