हिलाल मिस्तरींचं पाच मिनिटांचं काम

सुरतेच्या नवागामातले लोक म्हणतात, हिलाल मिस्तरी बोलतात कमी आणि ऐकतात जास्त. त्यांच्या बायकोला, रंजनाबाईंना, हे अर्धंच पटतं. त्यांच्या मते ते गाडीचं ऐकतात, घरच्यांचं नाही.

साक्रीजवळच्या गावाहून ते सुरतेला आले, तेव्हा गावची सगळी पोरं कापडाच्या लूमवर जात होती. हे गेले गॅरेजात. तो ॲक्सिलेटरच्या केबलचा जमाना होता. पाय दाबला की केबल ओढली जायची, इंजिनाच्या तोंडाची झडप उघडायची, बस. मग केबलच गेली. आता पेडल नुसता निरोप धाडतं, कॉम्प्युटर तो वाचतो आणि एक छोटी मोटर झडप फिरवते. जुन्या मिस्तरींपैकी निम्म्यांनी तेव्हा हात टेकले. सातवी पास हिलालनी पंचेचाळिसाव्या वर्षी गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर विकत घेतला आणि बिघाडांचे नंबर घोकून पाठ केले.

या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पेडलखाली दोन सेन्सर असतात, दोन साक्षीदारांसारखे. दोघांची साक्ष जुळली तर ठीक. नाही जुळली तर कॉम्प्युटर घाबरतो, डॅशबोर्डवर चेकलाईट लावतो आणि इंजिनाचा जोर काढून घेतो. मग कितीही पाय दाबा, गाडी बैलगाडीच्या चालीनं चालते. इतर मिस्तरी अशा वेळी महागाचा थ्रॉटल, म्हणजे ती मोटरची झडपच, बदलून मोकळे व्हायचे. हिलाल मात्र स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे आकडे लावायचे आणि एका हातानं वायर चाचपत जायचे. जिथे आकडा उडी मारेल तिथे रोग. बहुतेक वेळा एखादी गंजलेली पिनच निघायची.

पण इतक्या शहाण्या माणसालाही एक खोड होती, आणि ती सुरतेच्या घाईनं लावली होती. गिऱ्हाईक म्हणायचं, "हिलालभाई, लाईट बंद करी आपो ने." हे स्कॅनरचं एक बटण दाबायचे. बिघाडाची नोंद पुसली जायची, लाईट जायचा, गिऱ्हाईक खूश. रोग तिथेच, नुसता ताप उतरवलेला. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांचा राग येतो.

गेल्या मार्चमध्ये वाल्मिक आला. हा त्यांच्याच गावचा, आपल्या व्हॅनमधून माणसं सुरतेहून खान्देशात नेणारा. गाडी हिलालच तपासतात, हे तो गावभर सांगायचा. म्हणाला, "भाऊ, लाईट तेवढा बंद करी दे. सकाय भाडं शे."

हिलालनी स्कॅनर लावला. दोन साक्षींचा मेळ नव्हता. पेडलखालचा वायरींचा प्लग काढून बघायचा, पाच मिनिटांचं काम. त्यांनी बटण दाबलं आणि म्हणाले, "रविवारी लई ये, दखू." रविवार आला नि गेला. वाल्मिक विसरला, हेही विसरले.

अकराव्या दिवशी सकाळी धाकट्या भावाचा, बळीरामचा, गावाहून फोन आला. आई शेवटच्या घटका मोजत होती. बळीराम चमच्यानं पाणी पाजायला गेला तर तिनं तोंड फिरवलं. मोठ्याच्या हातचं पाणी पिऊन जाईन, म्हणाली.

वाल्मिकची व्हॅन दारात उभीच होती; त्याच्याच गाडीनं निघतोय, असं हिलालनी बळीरामला कळवलं. हिलाल बसले. चलथाण गेलं, बारडोली गेली, व्यारा गेलं. नवापूरच्या पुढे लाईट लागला आणि गाडीचा जोर गेला.

हिलालनी काय करावं? पिशवीतून स्कॅनर काढला आणि बटण दाबलं. गाडी पळाली, चार किलोमीटर. पुन्हा थांबले, पुन्हा दाबलं. तीन किलोमीटर. कोंडाईबारी घाटाच्या चढावर मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते, आणि ज्याच्या हाताची सुरतेत शपथ घेत तो माणूस नोंद पुसत बसला होता. थांबून प्लग उघडायला वेळ नाही, असं त्याला वाटत होतं. अशानं सव्वा तास गेला. सातव्यांदा लाईट लागला तेव्हा हिलाल खाली उतरले, पेडलखाली डोकं घातलं आणि प्लग ओढला. एक पिन हिरवी पडली होती. वाल्मिकच्या दाढीच्या ब्लेडनं त्यांनी ती खरवडली, वाकवून घट्ट केली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यानंतर दारापर्यंत गाडीनं एकदाही कुरकूर केली नाही.

अंगणात माणसं बसली होती. कोणी उठलं नाही, त्यावरून त्यांना कळलं. आईला जाऊन पाऊण तास झाला होता.

वाल्मिक ओट्याच्या कडेला उभा राहून रडत होता, माझ्या गाडीनं घात केला म्हणत होता. हिलालना ओरडून सांगावंसं वाटलं की गाडीनं नाही, मी केला. पण ते आईच्या उशाशी बसले. चमच्यानं तिच्या ओठांवर पाणी सोडलं. ते आत गेलं नाही, गालावरून ओघळलं. त्यांनी ते तिच्याच पदरानं पुसलं.

बळीराम शेजारी येऊन बसला. भावाला धीर द्यावा म्हणून बोलला बिचारा, मनात काही नव्हतं.

"दादा, माय घाबरनी नही. मी तिले सांगं, वाट लांब शे, गाडी रस्तामा बंद पडी गयी तं? तं माय म्हने, कशी बंद पडी? ती गाडी मना हिलालनी तपासेल शे."