पंख्यातला अंगारा

काल मुलीच्या लॅपटॉपचा पंखा साफ करताना जळक्या धुळीचा वास आला आणि मी वीस वर्षांपूर्वीच्या औंढ्याच्या घरात पोचलो.

चार महिन्यांत माझ्या नव्या कॉम्प्युटरवर शर्यतीचा गेम अडखळू लागला होता. व्हायरस, रॅम, विंडोज, वहीत यादी करून मी एकेक तपासलं. फरक पडेना. "उद्या दुकानात वापस देऊन टाकू," माझ्या वडिलांनी, अण्णांनी बजावलं.

शेवटी सीपीयूचं झाकण उघडलं. आत चिकट राखेचा थर, त्यात मेलेली झुरळं आणि जाम झालेला पंखा. मी नाक दाबलं.

"माय, ही राख कशाची?"

"राख न्हाई, नागनाथापुढच्या उदबत्तीचा अंगारा हाय. नव्या वस्तूला नजर लागू नये म्हणून रोज जाळीतून चिमूटभर टाकून राहिले."

ती पदरानं पुसायला वाकली.

"शी! हात नको लावू!" मी ओरडलो. तिनं हात मागं घेतला.

ब्रशनं झाडल्यावर गेम सुसाट धावला, कॉम्प्युटर घरीच राहिला. मी शर्यती जिंकत बसलो. मायनं नेहमीसारखी उदबत्ती लावली आणि तिची राख आता गुपचूप तुळशीत टाकली.

तेव्हा किळस त्या राखेची आली होती. आता माझ्या 'शी'ची येते.