मुक्कामाच्या एसटीचं गाव

शिरीष गेला हे मला कळलं तेव्हा मी बाळकुमच्या नाक्यावर सलूनच्या खुर्चीत होतो. अर्धी दाढी झाली होती, उरलेल्या गालावर फेस होता आणि हात कापडाखाली. फोन वाजला तो सलूनवाल्यानंच उचलून माझ्या कानाला धरला. पलीकडून शिरीषची बायको, सुनंदावहिनी, अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत." मी काहीतरी बोललो असेन. पुढचं त्यांचं वाक्य मात्र नीट आठवतंय. "खाली मंडळाचा स्पीकर लागलेला... यांनी हाक मारली असेल तर मला ऐकू आली नाही." फोन ठेवल्यावर सलूनवाल्यानं विचारलं, "उरलेली करू ना?" मी हो म्हटलं. अर्ध्या दाढीनं डोंबिवलीला जाता येत नाही.

शिरीष आणि मी कल्याणच्या शाळेत एका बाकावर होतो. तो पुढे शहाडच्या एका कारखान्यात लागला आणि तीस वर्षं मशीनच्या हॉलमध्ये उभा राहिला. निवृत्त व्हायच्या आधीच कान गेले. म्हणजे ऐकू यायचं, पण आत एक बारीक शिट्टी सुरू झाली, कुकरची असते तशी, फक्त गॅस बंद करायची सोय नसलेली. डॉक्टर म्हणाले, सवय करून घ्या. पूर्ण शांततेत ती शिट्टी चढायची आणि गोंगाटात याचं डोकं फुटायचं. त्यात घर डोंबिवलीला, रस्त्यावर, खाली रिक्षा स्टँड आणि शेजारी मंडळाचं ऑफिस. डोंबिवलीत अजिबात शांतता नसते असं नाही. वीज गेली की असते, आणि मग जनरेटर लागतो.

या शिट्टीवरचं औषध त्याला अचानक सापडलं. कुठल्याशा नातेवाइकाच्या लग्नाला आम्ही चौघं, तो, वहिनी, मी आणि माझी बायको नीता, कोकणात गेलेलो. जेवणाची पंगत लांबली म्हणून हा एकटाच किनाऱ्यावर जाऊन बसला. मी शोधत गेलो तर वाळूत बसून रडत होता. मला वाटलं काही दुखतंय. तर म्हणाला, "अरे, बंद झाली रे. लाटांमध्ये शिट्टी ऐकूच येत नाही." साठीला आलेला माणूस, लग्नातला फेटा मांडीवर घेऊन रडतोय... मला हसू आलं होतं, हेही सांगून टाकतो.

त्यानंतर शिरीषनं समुद्र शोधायला सुरुवात केली. समुद्र काय, कुठंही आहे. पण ज्या किनाऱ्याचं नाव चार लोकांना ठाऊक आहे तिथं उंट, घोडे, भेळेच्या गाड्या आणि पाण्यात फटफटणाऱ्या स्कूटर. लाटा असतात, ऐकू येत नाहीत. दोन-तीन ठिकाणी हात पोळल्यावर त्यानं स्वतःची एक रीत बसवली. नकाशा बघायचा नाही, हॉटेलं शोधायची नाहीत, मोबाइलमध्ये विचारायचं नाही. सरळ कोकणातल्या एखाद्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर जायचं, कॅन्टीनमध्ये बसायचं आणि कंडक्टर लोकांशी गप्पा मारायच्या. समुद्राकडच्या शेवटच्या गावांना संध्याकाळची एसटी जाते ती तिथंच मुक्काम करते आणि पहाटे परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर त्या गावातच झोपतात. शिरीष त्यांना एकच प्रश्न विचारायचा, "तिथं झोप लागते का हो?" कुणी म्हणायचं कुत्री फार, कुणी म्हणायचं शेजारी हॉटेल झालंय. एकदा एक जाडगेला कंडक्टर म्हणाला, "झोप? साहेब, लाटांमुळं पहाटेचा गजर ऐकायला येत नाही. दोनदा गाडी लेट सुटली, मेमो मिळाला मला." शिरीष त्याच संध्याकाळी त्याच्या गाडीत चढला.

ते गाव आमचं झालं. पुढची तीन वर्षं आम्ही चौघं तिथं जायचो, कधी दिवाळीनंतर, कधी होळीच्या आधी. आक्का म्हणून एक मासेविक्री करणारी विधवा बाई होती, तिच्या पडवीत उतरायचो. सुरमई नाहीतर मांदेली, भाकरी आणि तिची बडबड. समुद्र पडवीपासून शंभर पावलांवर. शिरीष दगडी पायरीवर पाठ टेकून तास-तास बसायचा आणि त्याचा चेहरा शाळेतल्यासारखा व्हायचा. भरती-ओहोटीचा हिशोब आक्कानंच त्याला शिकवला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पाणी पूर्ण चढतं. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. भरतीला आवाज सगळ्यात भरदार, म्हणून शिरीष घरच्या कॅलेंडरवर तिथीखाली पेन्सिलीनं वेळा लिहायचा आणि जायचे दिवस तिथीप्रमाणे ठरवायचा. लोक एकादशीला उपास करतात, हा पाण्याची वेळ बघायचा.

एक अट होती. गावाचं नाव कुणाला सांगायचं नाही. बिल्डिंगमध्ये तो "गावाला जातो" एवढंच सांगायचा. अट माझ्यासाठीच होती. शाळेपासून तो मला म्हणायचा, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही." आम्ही दोघंही त्यावर हसायचो.

मग पेपरच्या ज्या पुरवणीत तुम्ही हे वाचताय, तिथूनच मला फोन आला. सुट्ट्यांचा विशेष अंक होता, गर्दीपासून दूर अशा किनाऱ्यांवर लेख हवा होता. तोवर माझ्या फार तर वाचकांच्या पत्रांत चार ओळी छापून आलेल्या. आता अख्खं पान मिळणार म्हटल्यावर मी दोन दिवसांत लिहून दिलं, आणि मन लावून लिहिलं. गावाचं नाव, रस्ता, आक्काची पडवी, कंडक्टरचा गजर, सगळं. शीर्षकही मीच सुचवलं, 'जिथं कंडक्टरला झोप लागते'. शिरीषला विचारावं असं मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. तो नको म्हणेल हे माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. लिहिताना स्वतःला समजावलं की पेपर कोण वाचतंय आजकाल, रद्दीतच जातो.

रविवारी सकाळी त्याचाच फोन आला. तो म्हणाला, "वाचला रे लेख. छान लिहिलंयस." मग, "फोटो पण चांगला आलाय." बस. शिवी दिली असती, आरडाओरडा केला असता तर मी पायावर डोकं ठेवलं असतं. त्यानं ती संधीच दिली नाही. आणि मी, खरं सांगतो, त्या दिवशी सुटल्यासारखा झालो. वाटलं, बघा, उगाच घाबरत होतो.

पेपर रद्दीत जातो, पण त्याचा फोटो काढून कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकतो, तो रद्दीत जात नाही. माझ्याच सोसायटीच्या ग्रुपवर तो लेख मला दुसऱ्यांकडून चार वेळा आला. पुढं दीड-दोन वर्षं शिरीषच्या गुडघ्यांमुळं आमचं जाणं झालं नाही. गेलो ते दोन वर्षांनी, माझ्या गाडीनं. गावाच्या वेशीवरच गाड्यांची रांग. वाळूत चारचाकी धुरळा उडवत फिरत होत्या, पाण्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एका मांडवात डीजे. मी काच वर केली, जणू त्यानं काही होणार होतं. आक्का धावत आली. तिच्या घरावर नवं छप्पर होतं, अंगणात चार खोल्या उठल्या होत्या आणि पडवीच्या भिंतीवर, मधोमध, प्लास्टिकच्या आवरणात घालून माझा लेख. "भाऊ, तुमच्या कागदानं नशीब काढलं आमचं," ती मला म्हणाली आणि वाकून नमस्कार करायला लागली. शिरीष भिंतीपाशी उभा राहून तो लेख पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होता. मी तिथून निघून गाडीतलं सामान काढायला गेलो.

ती रात्र त्यानं कानात कापूस घालून काढली. सकाळी एसटीपाशी तोच जाडगेला कंडक्टर भेटला. शिरीषनं सवयीनं विचारलं, "काय, झोप लागते का?" "कुठली झोप, साहेब," तो डोळे चोळत म्हणाला, "गाडीच्या काचा लावून पडतो, तरी धडधडतं." त्यानं मला ओळखलं नाही, माझं नशीब. आम्ही नाश्त्यानंतर लगेच निघालो. परतीच्या वाटेवर दोन तासांनी चहाला थांबलो. मग शिरीषच म्हणाला, "आक्काला बरं झालं रे. पावसात तिचं छप्पर गळायचं." मी कायम या वाक्याला धरून राहिलो. त्यानं माफ केलं, असा अर्थ मी काढला. मला सोयीचे अर्थ काढायची जुनी खोड आहे, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. इथं मरायचं मला होतं, मेला तो.

त्यानंतर तो आमच्याबरोबर कुठंही आला नाही. "आता नको रे, गुडघे," एवढंच. मी त्याला नव्या नव्या जागांची नावं पाठवायचो, कुठूनतरी आलेले व्हिडिओ, 'अनोळखी दहा किनारे' वगैरे. तो अंगठा पाठवायचा. मला वाईट वाटायचं की याचं औषध गेलं, आता हा त्या रस्त्यावरच्या घरात शिट्टी ऐकत बसलाय, आणि हे आपल्यामुळं. त्या वाईट वाटण्याचंही मला थोडं बरं वाटायचं. निदान अपराध्याची जागा तरी माझी होती.

दिवस खडवलीला नदीवर झाले, सगळे करतात तसे. तेराव्याला जेवणं उरकल्यावर मी आतल्या खोलीत त्याच्या पलंगावर टेकलो. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. मी सहज पाहिलं आणि पाहतच राहिलो. तिथींच्या खाली पेन्सिलीनं वेळा लिहिल्या होत्या. त्या महिन्याच्या. पान उलटलं, तर पुढच्या महिन्याच्याही. पुढच्या महिन्यातल्या वद्य पंचमीला गोल केला होता आणि खाली त्याच्या बारीक अक्षरात, पावणेचार.

वहिनी पाणी घेऊन आल्या. मी विचारलं, "वहिनी, हे काय?"

"पुढच्या महिन्यात जायचं होतं ना आम्हाला."

"कुठे?"

त्यांनी भांडं माझ्या हातात दिलं. "चार वर्षं जातोय. यांनी शोधलेलं, तसंच, एसटी स्टँडवर बसून. तुम्हाला सांगायचो ना, नाशिकला पुतणीकडे चाललोय... तेव्हा तिथंच जायचो." आणि मग, कदाचित माझा चेहरा बघून, "छान होतं तिथं, भाऊजी. यांना झोप लागायची."

चार वर्षं. मी ज्याची कीव करत होतो तो समुद्राकाठी पाठ टेकून बसला होता, आणि मी नाशिकच्या पुतणीची तब्येत विचारत होतो. मला आधी राग आला, त्याचा. पन्नास वर्षांचा मित्र, बायकोला खोटं बोलायला लावलं, पण एकदा तोंडावर म्हणाला नाही की तू माझं वाटोळं केलंस. मग राग उतरला आणि उरलं ते फारच वाईट होतं. त्यानं मला शिक्षा केलीच नव्हती. फक्त मी कसा आहे हे त्याला कळलं होतं आणि त्यानं तशी व्यवस्था केली होती, घरात लहान मूल असलं की आपण कात्री वरच्या फळीवर ठेवतो तशी.

खडवलीला सगळ्या अस्थी सोडल्या नव्हत्या. वहिनींनी थोड्या एका स्टीलच्या डबीत मागे ठेवल्या होत्या, ती डबी देवघराखालच्या कप्प्यात होती. पंचमीला त्या आणि त्यांचा मुलगा जाऊन पावणेचारला भरतीत सोडणार होते. मी म्हटलं, "मी येतो, वहिनी. गाडी काढतो. गावाचं नाव नका सांगू हवं तर, रस्ता तेवढा दाखवा." बोलताना आवाज माझा मलाच लाचार वाटला.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नको, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाईट नाही. पण यांचं तेवढंच उरलंय."

हा लेख लिहितोय असं मी पुरवणीत कळवलं तेव्हा तिथल्या मुलीनं आपुलकीनं विचारलं, की ज्या गावी ते जायचे त्याची माहिती चौकटीत देता येईल का, कसं जाल, कुठं राहाल, वाचकांना आवडतं. मी म्हटलं, बघतो. मला माहीत नाही हे सांगायची लाज वाटली.

त्या पहिल्या गावाचं नावही या वेळी लिहिलेलं नाही. त्याचा आता काही उपयोग नाही, ते तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही जाऊन आलात.

वहिनींनी ते कॅलेंडर मला दिलं नाही, मी मागितलंही नाही. आमच्याकडच्या कॅलेंडरवर मी स्वतःच तिथींची पाऊणपट करून वेळा लिहिल्या आहेत. नीता विचारते, कशाला? आज वद्य पंचमी. दुपारी मी बाळकुमच्या घरात बाल्कनीचं दार लावून, घड्याळासमोर बसलो. समोरच्या टॉवरचं काम चालू होतं, ड्रिल थांबत नव्हतं. पावणेचार वाजले. कुठल्यातरी गावात पाणी पूर्ण चढलं असेल, डबी रिकामी झाली असेल, संध्याकाळी तिथं एक एसटी मुक्कामाला येईल आणि कंडक्टर गाढ झोपेल. ते गाव कुठलं, मला माहीत नाही. माहीत असतं, तर इथं लिहिलं असतं.