झाकणावरचा ओला ठिपका

१४ मार्च, गुरुवार. वारा नाही, ऊन सकाळपासूनच. दुकानात अकरा गिऱ्हाइकं. कॉलनीच्या समितीची माणसं तिसऱ्यांदा आली. चेहऱ्याचा रंग पुन्हा नापसंत. आणखी फिकट करून मागतात. दुपारनंतर डावा गुडघा दुखला.

एवढं लिहून शेडबाईंनी वही मिटली. रोजनिशीत घडलेलं लिहायचं, वाटलेलं नाही, हे त्यांना कॉन्व्हेंट शाळेत शिकवलं होतं. त्याच शाळेच्या वार्षिक नाटकात त्यांना दर वर्षी एकच काम मिळे, रात्रीचं. काळा झगा घालून मागे उभं राहायचं आणि परी आली की निघून जायचं. हिला झग्याचीही तशी गरज नाही, असं एक सिस्टर अगदी मायेने म्हणाल्या होत्या. तेही रोजनिशीत होतं, तारखेसकट. पुढे एक अक्षर नव्हतं.

रंगांच्या दुकानात शेड मिळवून देण्याचं काम शेडबाई एक्केचाळीस वर्षं करत होत्या. नवरा होता तेव्हाही आणि तो गेल्यावरही. जुन्या मालकांच्या मुलाने गादीवर बसल्याबरोबर मशीन आणलं आणि बाईंना आता घरी आराम करा म्हणून सुचवलं. मशीन शेडकार्डातले दोन हजार रंग बिनचूक काढी. पण कुणी जुन्या दाराचा टवका नाहीतर बायकोच्या पर्सचा तुकडा घेऊन आलं की मशीन हात वर करी. मग मालक घसा खाकरून बाईंना हाक मारी. आरामाचा विषय तिथेच संपला.

बाईंची रीत ठरलेली होती. थेंब थेंब रंग घालून डबा ढवळायचा, झाकणावर एक ठिपका द्यायचा, हेअर ड्रायरने तो खडखडीत वाळवायचा आणि मगच गिऱ्हाइकासमोर धरायचा. कारण रंग ओला असताना एक दिसतो आणि वाळल्यावर दुसरा. त्यातून गडद रंगांसाठी जो बेस वापरतात तो ओला असताना दुधासारखा पांढरट असतो. वाळला की त्यातलं दूध निघून जातं आणि खाली दडलेला रंग वर येतो. ओला ठिपका दाखवून डबा गळ्यात मारणं म्हणजे बाईंच्या लेखी सरळ सरळ फसवणूक होती. एक्केचाळीस वर्षांत त्यांनी ओलं झाकण कुणाच्या हाती दिलं नव्हतं.

समितीला हवा होता तो रंग एका मेलेल्या माणसाचा होता.

गेल्या वर्षी कॉलनीत पार्सल पोचवायला एक तरुण आला होता. टेकडीखालच्या वस्तीतला. तिथले सगळे असतात तसा काळाभोर. पत्ता सापडेना म्हणून तो एकाच गल्लीतून दोनदा गेला. एका रहिवाशाला तो चोर वाटला. दुसऱ्याला वाटलं की पहिल्याला वाटतंय त्या अर्थी असणारच. तिसऱ्याने गेटवरच्या रखवालदारांना काहीतरी करा म्हणून सांगितलं. त्यांनी केलं. पार्सलात चहाच्या कपांचा सेट होता. त्यातल्या एकाही कपाचा टवका उडाला नाही.

मग मोर्चे निघाले. वस्तीतल्या पोरींनी कॉलनीच्या भिंतीवर कोळशाने त्याचा चेहरा काढला, कॉलनीने सकाळी पुसला. त्यांनी पुन्हा काढला, यांनी पुन्हा पुसला. असं सहा वेळा झाल्यावर कॉलनीला साक्षात्कार झाला, की चेहरा राहणारच असेल तर निदान तो नीटनेटका तरी असावा. लगोलग समिती नेमली गेली. समितीने एक चित्रकार आणला आणि ‘रंगभेदाविरुद्ध आमची भिंत’ असा फलक आधीच छापून घेतला. राहता राहिला होता तो रंग.

अध्यक्षबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्याच्या कामाच्या ओळखपत्रावरचा फोटो घेऊन आल्या होत्या. शेडबाईंनी तो चांगला दहा मिनिटं उजेडात धरून पाहिला. मातकट तपकिरी, त्यात लाल, आणि शेवटी तीन थेंब निळा. निळा कशाला, म्हणून चित्रकाराने विचारलं. आमच्या रंगाच्या माणसाच्या गालाच्या हाडावर निळाच असतो, रोज आरशात बघते, असं बाई म्हणाल्या. ठिपका वाळवून फोटोशेजारी धरला. फोटो कुठे संपतो आणि झाकण कुठे सुरू होतं ते कळेना.

अध्यक्षबाईंनी मान तिरकी केली. रंग फार जड वाटतोय म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, संध्याकाळी भिंतीवर काहीच दिसणार नाही, नुसते दात दिसतील, आणि ते बरं नाही, लोक म्हणतील आपण वंशवादी आहोत. तिसऱ्या खेपेला शाळेच्या बसचा मुद्दा निघाला. लहान मुलं तिथेच उतरतात, दचकतील. शिवाय आपल्याला दुःख दाखवायचं नाही, आशा दाखवायची आहे. आणि आशेचा रंग, असं एकंदर दिसलं, साधारण बिस्किटासारखा होता.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत एक बाई दुकानात आली. हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करणाऱ्या धुलाई कारखान्यात होती. हाताला वाफेचे चट्टे. मेलेल्या मुलाची थोरली बहीण. वस्तीतल्या माणसांना सांगायचा तसंच मालकाने तिला, मागच्या दाराने ये, मजुरी तिकडे मिळते, असं सांगून पाहिलं. ती काउंटरपाशीच उभी राहिली.

“मावशी, तुम्हीच रंग करता ना भिंतीचा?”

“करते. पसंत होत नाही.”

“कळलं मला.” तिने बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात काउंटरवर ठेवला. “आम्ही दोघं एकाच रंगाचे. फोटोवर जाऊ नका, हा बघून करा.”

मग तिने हळूहळू सांगितलं. आईची नजर गेली होती, म्हणजे पार गेली नव्हती. डोळे, नाक, ओठ असं काही तिला दिसत नसे. रंगाचे डाग तेवढे दिसत. पोरगा दारात उभा राहिला की तो रंग बघून ती म्हणायची, आलास का. आता भिंतीवर तो उभा राहणार हे तिच्या कानावर गेलं होतं आणि तेव्हापासून तिने दुसरं काही डोक्यात घेतलं नव्हतं.

“त्यांनी बिस्किटी केला तर तिला भिंतच दिसेल,” बहीण म्हणाली. “मी सांगेन, आई, हा आहे. ती हो म्हणेल. माझ्या समाधानासाठी म्हणेल.”

तिचा हात हातात घेऊन शेडबाई दारापर्यंत गेल्या आणि उन्हात धरून पुन्हा दहा मिनिटं पाहिला. दुकानात दोन गिऱ्हाइकं ताटकळली. मालकाने घड्याळाकडे पाहिलं. बाईंनी पाहिलं नाही.

शनिवारी समिती चौथ्यांदा आली. अध्यक्षबाई कुठेही पाच मिनिटांवर टिकत नसत, त्यांची पुढे नेहमी दुसरा कुठला तरी अन्याय वाट बघत असे. हे बाईंनी तीन खेपांत हेरून ठेवलं होतं. डबा भरून तयार होता. बाईंनी झाकणावर ठिपका दिला. ड्रायर उजव्या हाताशीच होता. तो उचलला असता तर एक्केचाळीस वर्षांची रीत राहिली असती. बाईंचा हात तिकडे गेलासुद्धा. मग त्यांनी त्याच हाताने झाकण उचललं आणि अध्यक्षबाईंसमोर धरलं, ओलंच.

दुधाळ, उबदार, बिस्किटाच्या अगदी जवळचा रंग.

“हाच,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “बघा, मी म्हणत नव्हते? कसा माणसात आल्यासारखा दिसतो.” त्यांनी मंजुरीच्या कागदावर सही ठोकली, शेडला नाव काय द्यायचं ते बाईंनी विचारायच्या आधीच ‘उषःकाल’ असं लिहिलं आणि त्या गेल्या.

चित्रकार काही कुक्कुलं बाळ नव्हता. त्याने झाकणाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि डबे गाडीत चढवायला लागला. मालकाने तेवढं विचारलं, ड्रायर बिघडला का?

“नाही,” बाई म्हणाल्या. “त्यांनी मागितला नाही.”

त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेला. मेलेल्या माणसासाठी का होईना, गिऱ्हाइकाला ओलं झाकण दाखवलं होतं.

भिंतीला पडदा लावून काम चाललं होतं. चौथ्या दिवशी दुकानात चित्रकाराचा फोन आला.

“बाई, पहिला हात मारलाय. हा काळवंडत चाललाय.”

“दुसरा हात मारा. सारखा होईल.”

“दुसऱ्या हाताने फिका होईल?”

“पक्का होईल,” शेडबाई म्हणाल्या.

“मग तिसराही मारतो,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

महिनाअखेरच्या रविवारी अनावरण होतं. शेडबाई कॉलनीच्या गेटवर पोचल्या तेव्हा नव्या रखवालदाराने वही पुढे केली आणि कुणाकडे कामाला, म्हणून विचारलं. भिंतीकडे, असं बाईंनी सांगितलं. त्याने ते नीट लिहून घेतलं. मेलेल्या मुलाची आई आणि बहीण त्यांच्या आधी अर्धा तास येऊन बाकावर बसून होत्या, कारण त्यांना आत सोडायला कुणाची तरी परवानगी लागत होती. आत पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर ‘कुटुंबीय’ अशी पाटी लावून जागा राखून ठेवली होती. शेवटी तिघी मिळूनच आत गेल्या. खुर्च्या मांडणाऱ्यांत तो दुसरा रहिवासीही होता, ज्याला पहिल्यामुळे तो पोरगा चोर वाटला होता. कामाला मात्र वाघ.

पडदा ओढला गेला.

भिंतीवर तो उभा होता, दोन माणसं उंच. फिकट नाही, जड नाही, त्याच्याच रंगाचा, आणि गालाच्या हाडावर ऊन पडून तिथे किंचित निळं चमकत होतं. अध्यक्षबाईंचा चेहरा आधी पडला. मग प्रमुख पाहुणे मोठ्याने म्हणाले, “वा! याला म्हणतात धाडस,” आणि तो पडलेला चेहरा पाहता पाहता सावरला. भाषणात अध्यक्षबाईंनी सांगितलं की अनेकांचा दबाव होता. रंग थोडा सौम्य करा, असं म्हणणारे आपल्यातच होते. पण समितीने या बाबतीत तसूभरही तडजोड केली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात समितीच वाजवत होती.

भाषण आटोपून त्या शेडबाईंपाशी आल्या. हसू जागच्या जागी ठेवून, खालच्या आवाजात म्हणाल्या, “झाकणावर वेगळा होता.”

“ओला होता, मॅडम.”

“सांगायचं होतंत.”

“चुकलंच माझं,” शेडबाई म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. “पुसून पुन्हा देऊ का? पाहुणे अजून आहेत.”

अध्यक्षबाई फोटो काढायला निघून गेल्या.

पहिल्या रांगेत आई बसली होती. मांडीवर गुच्छ, तोंड भिंतीकडे. बहीण तिच्या कानाशी वाकली होती, पण तिने अजून काही सांगितलं नव्हतं. तिला सांगायचंच नव्हतं. शेडबाई मागे उभ्या राहिल्या. गुडघा ठणकत होता, तरी बसल्या नाहीत.

म्हातारीने मंडपाच्या कापडाकडे पाहिलं, मग पुन्हा समोर.

“सगळ्यांना सावलीत बसवलंय,” ती म्हणाली, “आणि याला एकट्याला उन्हात का उभं केलंय?”

बहिणीने पदराचा बोळा तोंडात धरला. मग शेडबाईच म्हणाल्या, “तिथे जागा मोठी आहे, ताई.”

“हो, उंच झालाय,” म्हातारी म्हणाली.

त्या संध्याकाळी शेडबाईंनी रोजनिशीत ३१ मार्च, रविवार अशी तारीख घातली, अनावरणाची वेळ आणि हवा लिहिली, ओलं झाकण दाखवल्याचंही लिहिलं, आणि खाली लिहिलं, गॅसचा सिलिंडर सव्वासहाला संपला, दुसरा लावला.